राहून गेलेला शब्द

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, डाव्याचं जानेवारीत. डाव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी घंटाळीच्या घरी गेले, तर बाबा गॅलरीत उभे राहून समोरच्या गच्चीवर ताणलेल्या ताडपत्रीकडे बघत होते. "ही निळी आहे?" त्यांनी विचारलं. "मी गेली चार वर्षं हिरवट समजत होतो." मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग अडतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी ब्याऐंशी वर्षांचा माणूस ताडपत्रीकडे असा टक लावून बघत असताना मला काही बोलता येईना.

पुढचे आठ दिवस घरात हेच चाललं होतं. आईच्या साड्या, देवघरातली जास्वंद, कॅलेंडरवरची लाल तारीख, सगळं नव्याने बघणं. कपाटाच्या वरच्या कप्प्यातले टपाल तिकिटांचे अल्बम खाली आले. रंगांच्या छटा कळेनाशा झाल्यावर बाबांनी ते बांधून ठेवले होते. पहिल्यांदा उघडलं ते १९५३चं पान, त्यावरचं रेल्वेच्या शताब्दीचं दोन आण्यांचं तिकीट. ठाण्याच्या माणसाला ते घरचं वाटतं. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती इथेच येऊन थांबली.

मग एका दुपारी म्हणाले, "आता तो सिनेमा एकदा दाखव. शराड."

हा सिनेमा आमच्या घरात मी लहान असल्यापासून आहे, म्हणजे बोलण्यात आहे. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी छापखान्यातल्या दोन मित्रांबरोबर त्यांनी तो पाहिला. परतीच्या उशिराच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत दारात उभं राहून तिघे त्याची धून गुणगुणत आले. ती धून हेन्री मॅन्सिनीची. मी ती बाबांच्या तोंडून दाढी करताना ऐकत मोठी झाले. पुढे कॉलेजात असताना कुठूनतरी आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मी सिनेमा एकदा पाहिलाही, पण तेव्हा गोष्टीच्या ओढीत चित्राकडे लक्षच गेलं नव्हतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण डम शराड खेळतो त्यातलाच हा शब्द: सोंग, हुलकावणी. १९६३चा सिनेमा, दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन, पटकथा पीटर स्टोनची. ऑड्री हेपबर्न सुट्टीवरून पॅरिसला परतते, तर घर रिकामं, सामान विकलेलं आणि नवरा मेलेला. त्याने कुठेतरी दडवलेल्या पैशांच्या मागे तीन माणसं लागलेली. आणि केरी ग्रँट हा मदतीला आलेला माणूस दर थोड्या वेळाने वेगळंच नाव सांगतो. प्रेमात पडावं की पळून जावं, हे तिला ठरवता येत नाही, आणि आपल्यालाही. पैसे कुठे असतात ते मी सांगणार नाही.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. सिनेमा इंटरनेटवर फुकट होता, एकदा नाही, डझनभर वेळा. त्याच रात्री बाबांच्या टीव्हीवर लावला. चेहरे तांब्यासारखे, काळ्या कोटांचा झालेला राखाडी, पॅरिसची रात्र चुलीच्या धुरात बुडाल्यासारखी. दोघं बोलत असली की एकाचं नाक पडद्याच्या कडेला कापलेलं. दुसरी प्रत लावली, तिच्यात रंग बरे पण सगळं पुसट. तिसरीत मागे सतत घरघर. वीस मिनिटांनी बाबांनी चष्मा काढून ठेवला. "डोळे बदलून झाले," ते म्हणाले. "आता प्रत बदलून आण."

तिथून माझी शोधाशोध सुरू झाली. पहिल्यांदा हेच समजून घ्यायचं होतं, की इतक्या मोठ्या नट-नट्यांच्या, इतक्या मोठ्या कंपनीच्या सिनेमाची अशी दैना का. उत्तर मिळालं ते बाबांच्या धंद्यातलंच निघालं.

त्या काळी अमेरिकेत १९०९चा कायदा चालू होता. प्रसिद्ध केलेल्या कलाकृतीवर हक्काची सूचना नीट छापलेली असलीच पाहिजे, असा त्याचा दंडक: 'कॉपीराइट' हा शब्द, त्याचा संक्षेप किंवा वर्तुळातला सी, आणि त्याबरोबर मालकाचं नाव. शराडच्या श्रेयनामावलीत वर्ष आहे, रोमन आकड्यांत. युनिव्हर्सल कंपनीचं नाव आहे, डोननच्या कंपनीचं आहे. 'सर्व हक्क राखीव' असंही आहे. फक्त 'कॉपीराइट' हा शब्द नाही, आणि ती खूणही नाही. तेवढ्यामुळे सिनेमा डिसेंबर १९६३मध्ये पडद्यावर आला त्या दिवसापासून अमेरिकेत कुणाच्याच मालकीचा उरला नाही. आज असं होणार नाही. मार्च १९८९पासून तिथे सूचना छापणं सक्तीचं नाही. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं राहतो आणि त्यासाठी असा शब्द छापावाच लागत नाही.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शेवटचं प्रूफ कुणी वाचलं असेल?" त्यांच्या आवाजात मला त्या कुणा अनोळखी माणसाबद्दलची कळकळ ऐकू आली. एकदा त्यांच्या हातून एका पुस्तकात 'नाही' हा शब्द सुटला होता. पूर्ण वाक्याचा अर्थ उलटा झाला आणि पानांचे ताव छापून गेले होते. लेखकाने माफ केलं, मालकांनीही केलं. बाबा ते पान, ती ओळ अजून सांगतात.

हक्क मोकळे झाले म्हणजे चांगलंच झालं, असं पहिल्यांदा वाटतं. पण मोकळे होतात ते हक्क, निगेटिव्ह नव्हे. ती कंपनीच्या कोठारातच राहते. बाहेरच्या माणसाच्या हाती लागते ती टीव्हीसाठी काढलेली झिजकी प्रत, नाहीतर व्हिडिओ टेप, आणि तिच्यावरून काढलेली आणखी एक टेप. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं होत जातं. कुणीही छापू शकतं, मग निगुतीने छापण्याचा खर्च कशाला करायचा? ज्याची त्याने काळजी घ्यावी असा कुणी उरतच नाही. आणि या सगळ्यात मॅन्सिनीच्या संगीताचे हक्क मात्र वेगळे आणि शाबूत राहिले.

म्हणजे चांगली प्रत विकत घ्यायची, एवढं ठरलं. पण कुठे?

ठाण्यात एकेकाळी हा प्रश्न पडला नसता. गोखले रोडला, राम मारुती रोडला, स्टेशनकडे जाताना, कुठेही उभं राहिलं तरी नजरेच्या टप्प्यात एक तरी सीडीचं दुकान असायचं. नौपाड्यात सीड्या भाड्याने देणाऱ्या लायब्ऱ्या होत्या. अनामत ठेवायची, वहीत सही करायची आणि शनिवारी रात्री दोन सिनेमे घरी न्यायचे. २००७च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली. तेव्हा आईने भाजीच्या पिशवीतून सिनेमे आणायला सुरुवात केली होती. जुने मराठी सिनेमे आमच्या घरात आले ते तेव्हाच. आता त्याच गाळ्यांमध्ये मोबाइलची कव्हरं लटकतात. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस तर २०१६मध्येच बंद झालं. बाबांनी तिथल्या काउंटरवर उभं राहून ऐकलेल्या रेकॉर्डींची यादी मला पाठ आहे.

तरी मी एक शनिवार फिरले. आठ ठिकाणी नकार मिळाला. नवव्या ठिकाणी, स्टेशनजवळच्या एका बोळात, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या काकांनी विचारलं, "इंग्लिश पिक्चर ना? थांबा." पोटमाळ्यावरून दोन खोकी खाली आली. धूळ झटकत आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो. तासाभराने दुसऱ्या खोक्याच्या तळाशी मला हेपबर्नचा चेहरा दिसला. शंभर रुपये. काकांनी साठच घेतले. "एवढा वेळ शोधलंत ताई," म्हणाले.

घरी आणली आणि लावली. तीच कापलेली नाकं, तेच तांब्याचे चेहरे. शिवाय एक नवीनच. धून सुरू झाल्यावर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "हे जरा चढं वाटतंय. तुझे बाबा यापेक्षा खाली म्हणतात." आईने गाण्याच्या चार परीक्षा दिल्या आहेत, तिचा कान फसत नाही. मी वेळ लावून पाहिला. ११३ मिनिटांचा सिनेमा १०८ मिनिटांत संपला होता, आणि एकही प्रसंग गाळलेला नव्हता. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत २५ चालतात. नुसतं पळवून बसवलं की वेळ चार टक्क्यांनी कमी होतो आणि सूर चढतो. बाबांनी साठ वर्षं जपलेली पट्टी डिस्कपेक्षा खरी होती.

त्या साठ रुपयांनी मला डबीची मागची बाजू वाचायला शिकवलं. 'फुल स्क्रीन' लिहिलेलं असेल तर ती डिस्क लगेच खाली ठेवायची. जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाला बसवताना दोन्ही बाजूंनी चित्र कापलेलं असतं. या सिनेमाचं मूळ प्रमाण १.८५ : १ आहे, ते छापलेलं हवं. मिनिटं बघायची. प्रत कशावरून काढली त्याची एक ओळ तरी हवी. ज्याने मेहनत घेतली तो ती सांगतोच. ज्या डबीवर नटांचे फोटो मोठे आणि कंपनीचं नाव शोधावं लागतं, तिच्यात काय असणार हे न लावताही कळतं.

शोधता शोधता दोन चांगल्या वाटा दिसल्या. २००२मध्ये याच कथेवर पुन्हा एक सिनेमा निघाला. त्याच्या डीव्हीडीवर मूळ शराडही सोबत दिला होता. आणि दुसरी वाट म्हणजे क्रायटेरियन. ही अमेरिकी कंपनी जुने सिनेमे निवडून, चांगल्या फिल्मवरून उतरवून, अभ्यासासारखे छापते आणि प्रत्येकाच्या कण्यावर क्रमांक घालते. शराडचा क्रमांक ५७. आधी डीव्हीडी निघाली, २०१०मध्ये ब्लू-रे. हक्क कुणाचेच नसलेल्या सिनेमाची कुणीतरी इतकी निगा राखली आहे, हे वाचूनच मला बरं वाटलं. अमेरिकी डीव्हीडीत चित्राच्या ४८० ओळी, ब्लू-रेमध्ये १०८०. बाबांचे नवे डोळे आठवून मी ब्लू-रे ठरवली.

आणि तिथे दुसरी भिंत आली. डिस्कला देश असतो. डीव्हीडीच्या जगात अमेरिका १ आणि भारत ५. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए आणि आपण सी. क्रायटेरियनची ब्लू-रे ए विभागाची. आपल्याकडे विकलेल्या यंत्रात ती घातली की यंत्र नम्रपणे नकार देतं. भाच्याचं खेळायचं यंत्र ब्लू-रे वाचतं, पण तेही याच नियमाने बांधलेलं. ठाण्यातल्या विजेच्या वस्तूंच्या चार दुकानांत मी ब्लू-रे प्लेअर विचारला. तिघांनी साउंडबार दाखवले. चौथ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, कंपनी आता पाठवतच नाही."

प्लेअर मिळाला नेरूळला. माझ्या नणंदेच्या सोसायटीतले एक गृहस्थ जहाजावर इंजिनीअर होते. तीस वर्षं बंदराबंदरातून डिस्का घेत आले, आणि आता मुलाकडे परदेशी जायचं म्हणून सगळं काढून टाकत होते. त्यांच्याकडे सगळ्या विभागांच्या डिस्का चालवणारं यंत्र आहे, असा निरोप आला. रविवारी सकाळी ठाण्याहून पनवेल गाडी पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली करत नेरूळला उतरले, तेव्हा हातात मी एक रिकामी मोठी पिशवी आणि दोन जाड टॉवेल घेतले होते.

त्या दीड तासात मी जे शिकले ते कुठल्याच पुस्तकात इतकं नीट मिळालं नसतं. भिंतभर फडताळं होती, अर्धी आधीच रिकामी. त्यांनी पहिल्यांदा यंत्र लावलंच नाही, हात धुवायला सांगितले. मग एक डिस्क माझ्या हातात दिली. मधल्या भोकात बोट, कडेवर अंगठा. "आता ट्यूबखाली तिरकी धरा." उजेड पृष्ठभागावरून सरकत गेला तसे केसासारखे ओरखडे दिसायला लागले. आतून बाहेर जाणारा ओरखडा फारसा त्रास देत नाही, गोल फिरणारा वाईट, कारण तो माहितीच्या वाटेवरून लांबपर्यंत जातो. म्हणून पुसायचीही मधून कडेकडे, ताटासारखी गोल नाही. डीव्हीडीत माहितीचा थर जाडीच्या मधोमध असतो, ०.६ मिलिमीटर आत. ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागाच्या अगदी जवळ, जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. त्यावर कडक लेप दिलेला असतो म्हणून ती टिकते, पण एकदा खोल चरा गेला की संपलं. कडेला ढगाळ डाग किंवा कांस्यासारखी झाक दिसली तर ती डिस्क आतून खराब होत चालली आहे, तिच्यावर पैसे घालायचे नाहीत.

मग यंत्र. मागे वळवून त्यांनी त्यावरचा शिक्का दाखवला, सिंगापूरहून घेतलेलं. अमेरिकी डिस्क घातली, चालली. आपल्याकडची घातली, चालली. इंग्लंडचीही चालली. साडेचार हजार ठरले. मी पैसे मोजत असताना त्यांनी विचारलं, "कोणता सिनेमा बघणार?" शराड म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि फडताळातल्या मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "इथे होता. गेल्या आठवड्यात गेला." आठ दिवस आधी आले असते तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण मग पुढचं सगळं घडलंही नसतं.

परतीच्या गाडीत टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र मांडीवर होतं. तुर्भ्याला चढलेल्या एका बाईने विचारलं, "बाळ आहे का?"

डिस्क मिळाली अमेरिकेत, एका निवृत्त शिक्षिकेकडे. नवी घेतली असती, पण ती इथे पाठवायला तयार असणारा विक्रेता मला सापडेना. शिक्षिकाबाई स्वतःच्या संग्रहातली विकत होत्या. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. २०१०चीच आवृत्ती आहे ना? कण्यावर ५७ आहे का? आतली पुस्तिका आहे का? डिस्कच्या चमकत्या बाजूचा फोटो तिरक्या उजेडात काढून पाठवाल का? नेरूळच्या काकांनी सांगितलेलं सगळं मी विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फोटो चार बाजूंनी काढलेले. मी अजून एक मागणी केली. पाकिटावर छापील चिठ्ठीऐवजी खरी तिकिटं लावता येतील का? जुनीही चालतील. अमेरिकेत जुनी न वापरलेली तिकिटं अजून टपालाला चालतात, हे मला बाबांमुळे ठाऊक होतं. वडिलांना तिकिटांचा नाद आहे, असं कारण लिहिलं. आणखी एक कारण होतं, ते लिहिलं नाही. पण बाईंनी सिनेमा पाहिलेला होता. त्यांच्या उत्तरात एकच ओळ होती: समजलं, नक्की लावीन.

टपाल जवळपास डिस्कच्या किमतीइतकंच पडलं. मग तेरा अक्षरांचा तो क्रमांक आणि मी. रोज सकाळी चहाबरोबर बघायचं. बाईंचं गाव, मग न्यू यॉर्क, मग मुंबई. मुंबईत आल्यावर मला वाटलं, झालं, परवा दारात. पण परदेशी टपालाला कस्टमची पायरी असते. ते उघडून बघतात, किंमत ठरवतात आणि कर लावतात. तिथे पाकीट एकोणीस दिवस होतं. विसाव्या दिवशी मानपाड्याला आमच्या दारात पोस्टमनकाका उभे राहिले. कराची रक्कम पाकिटावर लिहिलेली होती, ती घेऊन त्यांनी पावती फाडली. पाकिटाकडे बघत म्हणाले, "अशी तिकिटं लावलेलं मी कित्येक वर्षांत आणलं नाही हो." अकरा तिकिटं होती. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. सगळं मिळून मला साडेतीन हजारांच्या आसपास पडलं.

पाकीट मी कात्रीने कडेने, तिकिटांना धक्का न लावता कापलं. आत डबीचं बिजागर तुटलेलं, डिस्क धरून ठेवणारे दातही मोडलेले, आणि डिस्क आत सुटी फिरत होती. माझ्या पोटात गोळा आला. हात धुतले. ट्यूबखाली तिरकी धरली. दोन बारीक ओरखडे होते, दोन्ही आतून बाहेर जाणारे. डबी ठाण्यातच बदलून घेतली. साठ रुपयांच्या डीव्हीडीची डबी चांगली होती, पण तिच्यात ही ठेवायला मन होईना, म्हणून नवी घेतली.

रविवारी संध्याकाळी यंत्र जोडलं. टीव्हीचं काम मात्र आधी अर्धा तास करावं लागलं. ते कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय चालू असते. ती बंद नाही केली तर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. चित्राची पद्धत 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवायची, दुकानात लावून ठेवतात तो भडक प्रकार नको. चित्र आपोआप थोडं मोठं करून कडा खाण्याची सवय असते, तीही काढायची. सगळं जमलं की वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी उरते. ती उरली म्हणजे १.८५ पुरतं बसलं.

पहाटेचा उजेड. आगगाडी. गाडीतून रुळाच्या कडेला घरंगळलेला माणूस. आणि मग ती तालवाद्यं, आणि मॉरिस बाइंडरची ती फिरणारी, गुंतत जाणारी रंगीत नावं. बाबा पुढे सरकले. निळा, जांभळा, हिरवा एकमेकांतून वळत होते. बाबांनी हात वर केला, मला वाटलं काहीतरी बिघडलं. "थांबव," म्हणाले.

ती ओळ होती. रोमन आकडे, दोन कंपन्या, सर्व हक्क राखीव. बाबा उठून टीव्हीजवळ गेले. बोट काचेला न लावता त्यांनी अक्षराअक्षरावरून फिरवलं, प्रूफाच्या गॅलीवर फिरवायचे तसं. आकड्यांच्या आधीच्या मोकळ्या जागेवर थांबले. "इथे हवा होता," म्हणाले. "जागा सोडलेली आहे बघ." मग परत येऊन खुर्चीत बसले. "लाव आता."

पुढच्या पावणेदोन तासांबद्दल काय लिहू. बर्फाचा पांढरा रंग खरोखर पांढरा होता. हेपबर्नचा लाल कोट आला तेव्हा आईने हातातलं विणकाम खाली ठेवलं. जिवांशीने शिवलेले ते कपडे, आई प्रत्येक कोटाची काटछाट बघत होती. अर्ध्यात म्हणाली, "यात तीच त्याच्या मागे लागलीये की!" ते मुद्दाम तसं आहे. केरी ग्रँट तेव्हा एकोणसाठ वर्षांचा आणि हेपबर्न त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. आपण तिच्या मागे लागलेलं बरं दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं, म्हणून पटकथेत पुढाकार तिच्याकडे दिला. आई म्हणाली, "शहाणा माणूस."

रात्रीच्या पॅरिसमध्ये आता धूर नव्हता. खांबांच्या त्या लांब ओवरीत कोण कुठल्या सावलीत उभा आहे ते दिसत होतं, आणि ते दिसल्याशिवाय त्या प्रसंगाला अर्थच नाही. मी कॅसेटवर पाहिला होता तेव्हा तिथे नुसता अंधार होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तो परत लावला, या वेळी डोनन आणि स्टोन या दोघांच्या गप्पांसह. सिनेमा चालू असतो आणि दिग्दर्शक आणि लेखक शेजारी बसल्यासारखे बोलत असतात, एकमेकांना खोडत, आठवणींवरून भांडत. स्टोन २००३मध्ये गेले, डोनन २०१९मध्ये. फुकटच्या डझनभर प्रतींमध्ये हे दोन आवाज नव्हते. आणखी एका शब्दाची गोष्ट मी बाबांना सांगितली. २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींची हत्या झाली आणि दोन आठवड्यांनी हा सिनेमा लागायचा होता. संवादात हत्येसाठीचा तोच इंग्रजी शब्द होता. घाईने तो बदलून सौम्य शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित केला. बाबा म्हणाले, "म्हणजे तेव्हा कुणीतरी शब्द न् शब्द ऐकत होतं."

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या रविवारी सिनेमा संपला, आईने दिवा लावला. बाबा धून म्हणत होते, आणि आईने मान हलवली: पट्टी जुळत होती. तेव्हा मी पिशवीतून ते कापलेलं पाकीट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बाबांनी पाकिटाकडे पाहिलं. मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे. आणि जोरात हसले. "अगं," आईला म्हणाले, "माझं भिंग आण आतून. आणि तो टेबलावरचा दिवा."